नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात बेंझीन-टोल्युईन मोजायचंय: पॅसिव्ह ट्यूब कुठली, किती दिवस, कशी लावायची?

चुंचाळे_वारा

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीला खेटून असलेल्या वस्त्यांमध्ये हिवाळ्यात रात्री उशिरा थिनर-रंगासारखा वास येतो आणि उजाडेपर्यंत विरून जातो. वाहनांचा त्रास वेगळा, तो अंबड लिंक रोड आणि पाथर्डी फाट्याला दिवसभर असतोच. एका कॉलेजचा पर्यावरण विभाग आणि रहिवासी मिळून मोजणी करायचं ठरतंय. पीएम१० चे आकडे मिळतात, पण बेंझीन, टोल्युईन, झायलीनसारख्या वाफांचे वस्तीतले आकडे हाती नाहीत. पंप लावायचा तर प्रत्येक ठिकाणी वीज, राखण आणि रोज ट्यूब बदलणं आलं. म्हणून पॅसिव्ह सॅम्पलरचा, म्हणजे पंपाविना हवेतली वाफ आपोआप धरणाऱ्या नळीचा, विचार आहे.

बेत असा: १२ जागा, त्यातल्या आठ वस्तीत, दोन मुख्य रस्त्यावर, दोन शहराबाहेर. मुंबईच्या एका लॅबमध्ये थर्मल डिसॉर्प्शन-जीसी (ट्यूब तापवून वाफ सोडवायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजायची सोय) उपलब्ध आहे.

पाव इंची स्टीलची ट्यूब घ्यावी की रेडिएलो (नळकांड्याच्या आकाराचा पॅसिव्ह सॅम्पलर)? एक आठवडा की दोन? खांबावर किती उंच? पावसाळ्यात चालतं का? राष्ट्रीय मानकातल्या बेंझीनच्या ५ मायक्रोग्रॅम/घनमीटर या मर्यादेशी आकडा थेट ताडता येईल का? नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्या म्हणे कॉलेजच्या लॅबमध्येही बनवता येतात, ते कितपत जमतं? शिवाय दिंडोरीकडच्या एका मैत्रिणीला द्राक्षबागेजवळ फवारणीची औषधं हवेत किती राहतात ते बघायचंय. तेही याच पद्धतीनं होईल का?

डिसॉर्ब_३५०

लॅबमध्ये थर्मल डिसॉर्प्शन आहे म्हणता, तर निम्मा निर्णय झालाच. पाव इंची ट्यूब घ्या.

ही ट्यूब म्हणजे ६.४ मिमी बाह्य व्यासाची, ८९ मिमी लांब स्टीलची नळी. तोंडापासून साधारण १५ मिमी आत सॉर्बंटचा, म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, थर सुरू होतो. मधली ती स्तब्ध हवा हाच तुमचा पंप. बाहेर जितकं बेंझीन, त्या प्रमाणात ते विसरणानं आत सरकतं आणि सॉर्बंटवर अडकतं. फिकचा पहिला नियम, दुसरं काही नाही. कार्बोपॅक एक्स भरलेल्या ट्यूबचा बेंझीनसाठीचा अपटेक रेट (मिनिटाला किती हवेतलं बेंझीन ट्यूब धरते तो वेग) ०.६७ मिली/मिनिट धरतात. अमेरिकेत रिफायनरीच्या कुंपणावर बेंझीन मोजायची सक्ती २०१५ च्या नियमांनी आली, ती याच प्रकारच्या ट्यूबवर, १४-१४ दिवसांच्या फेऱ्यांनी. पद्धतीचं नाव मेथड ३२५ ए आणि बी. म्हणून तुम्हीही दोन आठवडेच ठेवा. अपटेक रेट ज्या कालावधीवर तपासलेला आहे, तोच कालावधी वापरावा. आपल्या सोयीनं महिनाभर टांगून ठेवली आणि रेट मात्र १४ दिवसांचा लावला, तर तो हिशेब टिकत नाही.

आकडे बघा. १४ दिवस म्हणजे २०,१६० मिनिटं, गुणिले ०.६७ मिली, म्हणजे सुमारे १३.५ लिटर हवा. हवेत १ मायक्रोग्रॅम/घनमीटर बेंझीन असेल तर ट्यूबवर जेमतेम १३.५ नॅनोग्रॅम येणार. जीसी-एमएसला (मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेल्या जीसीला) एवढं पुरतं, पण ट्यूब नीट भाजलेली नसेल आणि ब्लँकच (हवेत न उघडलेल्या ट्यूबचा आकडा) ६-७ नॅनोग्रॅम दाखवत असेल तर तुमच्या आकड्यातला जवळपास तिसरा हिस्सा लॅबचा, हवेचा नाही.

रेडिएलोमध्ये वाफ नळकांड्याच्या वक्र पृष्ठातून चहूबाजूंनी आत शिरते, त्यामुळे रेट कितीतरी मोठा. कोळशाच्या कार्ट्रिजवर बेंझीनला २५ अंश सेल्सिअसला ८० मिली/मिनिट, थर्मल डिसॉर्प्शनच्या कार्ट्रिजवर २७.८. लॅबमध्ये साधा जीसी-एफआयडीच (ज्वालेवर मोजणारा जीसी) असता तर मी कोळशाचं कार्ट्रिज सुचवलं असतं: सात दिवसांत सुमारे ८०६ लिटर हवेइतका माल जमतो, २ मिली कार्बन डायसल्फाइडमध्ये अर्धा तास अधूनमधून हलवत ठेवायचं आणि इंजेक्ट करायचं. त्यातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कार्बन डायसल्फाइडमध्ये मुळातच बेंझीनचा अंश असतो, म्हणून कमी-बेंझीनवाली बाटली मागवायची आणि प्रत्येक नव्या बाटलीचा ब्लँक चालवायचा. दुसरं, ते साधारण ९० अंशांना ठिणगीशिवाय पेट घेतं. फ्यूम हूडमध्ये हॉटप्लेट चालू ठेवून हे काम करू नका.

टेनॅक्स टीए भरलेल्या ट्यूब स्वस्तात आणि लगेच मिळतात म्हणून घेऊ नका. बेंझीनवर त्याची पकड ढिली आहे. १४ दिवसांत अडकलेलं बेंझीन परत बाहेर सरकतं आणि आकडा कमी येतो. शिवाय हवेतल्या ओझोनमुळे टेनॅक्समधूनच बेंझाल्डिहाइड आणि अॅसिटोफिनोन तयार होतात आणि क्रोमॅटोग्राममध्ये ती शिखरं हवेतूनच आली आहेत असं वाटतं.

पावसाळ्याचं: कार्बोपॅक एक्स पाण्याला फारसं धरत नाही, त्यामुळे दमट हवेनं अडत नाही. पाण्याचा थेंब नळीत गेला तर मात्र ती ट्यूब बाद.

ट्यूब प्रत्येक फेरीआधी शुद्ध नायट्रोजन किंवा हेलियमच्या प्रवाहात ३५० अंशांना भाजून घ्यायच्या, त्यातल्या काही पुन्हा चालवून ब्लँक बघायचा आणि मगच दोन्ही टोकांना पितळी टोप्या लावायच्या. टोपीच्या आत पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) फेरूल, म्हणजे गळती रोखणारी कडी, असते. बोटांनी घट्ट, मग पान्यानं पाव फेरा. त्याहून जास्त पिळलं तर फेरूल दबतो आणि पुढच्या वेळी गळतो. नळीवर स्टिकर किंवा मार्कर नको, चिकटद्रव्य ओव्हनमध्ये उडतं. नंबर कोरलेल्या ट्यूबच मागवा.

खांब_आणि_शिडी

वरच्या पोस्टमधलं लॅबचं ठीक. पण या कामात डेटा वाया जातो तो बहुतेक खांबावर.

उंची १.५ ते ३ मीटर. खाली लावली तर पोरं काढतात, फार वर लावली तर शिडी लागते आणि लोक श्वास घेतात ती हवा मोजली जात नाही. २.५ मीटर बरं पडतं. ट्यूबचं उघडं तोंड खाली, वर निवारा. निवाऱ्याला महागडं काही लागत नाही. स्टीलची खोलगट वाटी उलटी करून मधोमध क्लिप बसवली की झालं. प्लॅस्टिकचा डबा, पीव्हीसीचा पाइप, ताजा ऑइलपेंट मारलेला पत्रा हे नको, कारण त्यातूनच वाफा निघतात. खांबालाच नवा रंग दिला असेल तर ती जागा सोडून द्या.

एसीचं तोंड, जनरेटरचा धूर, पानटपरीचा स्टोव्ह, पेट्रोल पंप, गॅरेज, इस्त्रीवाल्याची भट्टी यांच्यापासून लांब राहा. भिंतीला चिकटवू नका. हात लांब करून हवा खेळेल एवढं अंतर ठेवा. झाडाच्या फांद्यांत लपवली तर चोरी टळते, पण हवा इतकी संथ होते की ट्यूबच्या तोंडाशी बेंझीन संपतं आणि नवं येत नाही. उलट उघड्या गच्चीच्या कोपऱ्यावर सुसाट वाऱ्यानं तोंडाशी भोवरे होतात, स्तब्ध हवेची लांबी घटते आणि आकडा फुगतो. ट्यूबच्या तोंडावरची जाळीदार टोपी यासाठी असते, ती विसरू नका. तिचा दुसरा उपयोग म्हणजे कुंभारीण माशी रोखणं. जाळी नसलेल्या नळीत ही माशी हमखास माती भरते.

महावितरण किंवा महापालिकेच्या खांबावर लावायची तर लेखी परवानगी काढा. नाहीतर सिंहस्थाच्या कामांत खांब हलवताना तुमची ट्यूबही जाईल. त्या कामांचंच आणखी एक: जवळ डांबरीकरण चालू असेल तर त्या फेरीच्या नोंदीत तसं लिहून ठेवा. ताज्या डांबराच्या वाफा कुठून आल्या हे सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

आता संख्या. १२ जागा, १२ ट्यूब असा हिशेब करू नका. दर दहा नमुन्यांमागे एक ड्युप्लिकेट (त्याच जागी शेजारी दुसरी ट्यूब), म्हणजे तुम्हाला दोन. दर फेरीला किमान दोन फील्ड ब्लँक. एकूण १६. ही फेरी उतरवली त्याच सकाळी पुढची चढवायची असते, म्हणजे दोन संच, ३२. वर दोनचार राखीव. फील्ड ब्लँक ट्यूब टोप्या न काढता जागेवर नेऊन निवाऱ्यात १४ दिवस ठेवायची. घरी फ्रिजमध्ये ठेवलेली ट्यूब म्हणजे फील्ड ब्लँक नव्हे. ड्युप्लिकेटमधला फरक ३० टक्क्यांच्या वर गेला तर त्या जागेचं त्या फेरीचं खरं कारण शोधा: टोपी ढिली, जाळी पडलेली, एका ट्यूबवर पाणी.

नोंद पेन्सिलनं. ट्यूब नंबर, जागा, टोपी काढल्याची तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत, टोपी लावल्याची तशीच, आसपास काय दिसलं. वाहतूक: घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत कोळशाची पुडी. स्कूटरच्या डिकीत पेट्रोलच्या बाटलीशेजारी नाही. त्या सकाळी हाताला सॅनिटायझर, अंगाला सेंट, नखाला पॉलिश काही नको. हे ऐकून हसू येतं, पण १३ नॅनोग्रॅम मोजताना थिनरचा एक थेंबही फार होतो.

शहराबाहेरच्या दोन जागा एकाच दिशेला घेऊ नका. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्र्यंबक रोडकडची किंवा गंगापूर धरणाकडची जागा कोऱ्या हवेची ठरेल. हिवाळ्यात तीच जागा शहराच्या वाऱ्याखाली येऊ शकते. एक पश्चिमेला, एक पूर्वेला ठेवा.

जांभळा_रंग

नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्या कॉलेजमध्ये बनतात, आणि चांगल्या बनतात, काच आणि जाळ्या स्वच्छ असतील तर. ही पाम्स नळी, १९७६ ची. ७१ मिमी लांब, ११ मिमी अंतर्व्यासाची अॅक्रिलिक नळी, वरच्या रंगीत टोपीत स्टीलच्या दोन बारीक जाळ्या, त्यांवर ट्रायइथेनॉलअमाइन म्हणजे टीईए.

लेप लावायच्या दोन रीती. पाण्यात २० टक्के टीईए घेऊन जाळ्यांवर पिपेटनं सोडायचं, किंवा अॅसिटोनमध्ये ५० टक्के टीईए करून जाळ्या त्यात बुडवून सुकवायच्या. दोन्ही चालतात, पण एका मोहिमेत एकच रीत धरा. दोन्हींचा झुकाव वेगळा असतो आणि मध्येच बदल केला तर जानेवारी आणि मे यांची तुलनाच करता येणार नाही. टीईए साधारण २१ अंशांखाली गोठतं. नाशिकच्या डिसेंबरच्या सकाळी बाटली घट्ट झालेली दिसली तर कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा, हलवा, मग मोजा. अर्धवट वितळलेल्यातून वरचं घेतलं तर प्रमाण चुकतं. जाळ्या डिटर्जंट, मग भरपूर शुद्ध पाणी, मग ओव्हन. टीईए हातमोज्याशिवाय नको.

नळी तोंड खाली करून चार आठवडे. उतरवल्यावर टोपी लावून अंधारात, थंड. काढणी पाण्यात, मग सल्फॅनिलमाइड (२ टक्के, ५ टक्के फॉस्फोरिक आम्लात) आणि ०.१४ टक्के एनईडीए (रंग आणणारं रसायन). गुलाबी-जांभळा रंग येतो, ५४० नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा. सोडियम नायट्राइटची मानकं दर वेळी ताजी पातळ करा. पातळ द्रावण आठवड्यापूर्वीचं वापरू नका.

हिशेब: विसरणांक ०.१५४ चौ. सेंमी/सेकंद, तोंडाचं क्षेत्रफळ ०.९५ चौ. सेंमी, लांबी ७.१ सेंमी. गुणून-भागून तासाला सुमारे ७४ मिली. २८ दिवसांत सुमारे ५० लिटर. म्हणजे वार्षिक मर्यादेइतका, ४० मायक्रोग्रॅम/घनमीटर, नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर नळीवर २ मायक्रोग्रॅम येतात. एवढ्याला महागडं यंत्र लागत नाही.

पण हा आकडा कच्चा. तोंडाशी वाऱ्याचे भोवरे झाले की तो वर जातो. नळीच्या आतच नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोनची प्रक्रिया होते, त्यानंही वर जातो. टीईए शिळं झालं किंवा काढणी अपुरी झाली की खाली. म्हणून केमिल्युमिनेसन्स अॅनालायझरच्या (नायट्रोजन डायऑक्साइड अखंड मोजणाऱ्या यंत्राच्या) इनलेटशेजारी तीन नळ्या लावायच्या आणि अॅनालायझरची सरासरी भागिले नळ्यांची सरासरी असा गुणक काढायचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अखंड मोजणारं केंद्र गंगापूर रोडला आहे. परवानगी मागून बघा. गुणक वर्षभराच्या फेऱ्यांवरून काढा, एका महिन्याचा घेऊन वर्षाला लावू नका.

चुंचाळे_वारा

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. हिशेब तपासून द्याल का? समजा ट्यूबवर ४१ नॅनोग्रॅम, फील्ड ब्लँकची सरासरी ३. तर (४१ वजा ३) भागिले १३.५, म्हणजे २.८ मायक्रोग्रॅम/घनमीटर. बरोबर ना? तापमान आणि नाशिकची उंची यांचं काय करायचं? मुख्य म्हणजे ५ पेक्षा कमी आलं तर रात्रीच्या वासाचं काय समजायचं?

विंडरोज_४२२

भागाकार बरोबर. नॅनोग्रॅम भागिले लिटर म्हणजे थेट मायक्रोग्रॅम/घनमीटर, एककं बदलत बसू नका. फक्त लिटर प्रत्येक ट्यूबचे तिच्या खऱ्या मिनिटांवरून काढा, सगळ्यांना सरसकट १३.५ नको.

उंचीचं डोकं लावायची गरज नाही. हवेचा दाब कमी झाला की विसरण तेवढंच वाढतं आणि घनमीटरमधलं वस्तुमान तेवढंच घटतं. दोन्ही एकमेकांना खातात. समुद्रसपाटीचा रेट लावून येतो तो आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचाच समजा. तापमानाचं थोडं बघावं लागतं. रेडिएलोचा रेट निरपेक्ष तापमानाच्या दीड घातानं बदलतो: ३५ अंशांना ८० चे ८४, १५ अंशांना ७६. एप्रिल आणि जानेवारीची तुलना करणार असाल तर पंधरवड्याची सरासरी तापमानं लिहून ठेवा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. खरी मेख तिथे आहे. समजा १४ दिवसांत एका रात्री दोन तास ३०० मायक्रोग्रॅम/घनमीटर आलं आणि बाकी सगळा वेळ २ होतं. १४ दिवस म्हणजे ३३६ तास. सरासरी निघते ३.८. कागदावर हवा मर्यादेत, आणि त्या रात्री डोळे चुरचुरलेले. पॅसिव्ह ट्यूबला हे दिसूच शकत नाही. ती जागांमधला फरक सांगते, घटना सांगत नाही. '५ पेक्षा कमी, म्हणजे तक्रार खोटी' असं कोणी तुमच्याच डेटावरून म्हणायच्या आत हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

रात्र वेगळी काढायची एक रीत आहे. वासाच्या तक्रारी जास्त असलेल्या दोन-तीन जागी दोन ट्यूब लावा. एक फक्त रात्री ८ ते सकाळी ६ उघडी, दुसरी फक्त दिवसा. उरलेल्या वेळी पितळी टोपी. १४ रात्री गुणिले १० तास म्हणजे ८,४०० मिनिटं, ५.६ लिटर. माल कमी येतो, अनिश्चितता वाढते, पण दिवस-रात्रीचं गुणोत्तर दुप्पट-तिप्पट असेल तर ते लपत नाही. यासाठी तिथलाच रहिवासी हवा, आणि त्यानं टोपीची वेळ खरी लिहायला हवी. 'रोज ८ वाजता' असं १४ ओळींत एकाच शाईनं लिहिलेलं असलं की मी तो नमुना टाकून देतो.

दुसरं, एकट्या बेंझीनकडे बघू नका. टोल्युईन-बेंझीन गुणोत्तर काढा. निव्वळ वाहनांच्या हवेत ते साधारण दीड ते चारच्या दरम्यान असतं. रस्त्यावरच्या दोन ट्यूब अडीच दाखवत असतील आणि वस्तीतल्या एका कोपऱ्यात आठ-दहा येत असेल, तर तिथे टोल्युईनचा वेगळा स्रोत आहे: पेंट शॉप, थिनर, चिकटद्रव्य, छपाई. झायलीन आणि एथिलबेंझीनही पाहा. मेटा-पॅरा झायलीन एथिलबेंझीनच्या तिपटीच्या आसपास असेल तर वाफ ताजी, जवळची. झायलीन हवेत लवकर मोडतं, त्यामुळे गुणोत्तर उतरलं की हवा लांबून, जुनी होऊन आलेली. तुमचा वास थिनरचा आहे, मग बेंझीन कमी आणि टोल्युईन-झायलीन जास्त यात आश्चर्य नाही. फक्त राष्ट्रीय मानकात टोल्युईनला मर्यादाच नाही, तेव्हा तुलना कशाशी करणार ते आधी ठरवा.

डिसॉर्ब_३५०

एक पुस्ती. टोल्युईन आणि झायलीनचा अपटेक रेट बेंझीनचा लावू नका, प्रत्येकाचा वेगळा असतो. सॉर्बंटच्या तक्त्यातून घ्या आणि अहवालात लिहा. रात्र-दिवस ट्यूबबद्दल मला थोडी शंका आहे: रोज दोनदा टोपी पिळली की फेरूल झिजतो. त्या ट्यूबना नवे फेरूल द्या आणि त्यांच्यासाठी वेगळा ब्लँक ठेवा, तोही रोज तसाच हाताळलेला पण न उघडलेला.

भुरी_आणि_केवडा

दिंडोरीच्या ताईंसाठी. स्टीलच्या ट्यूब तिथे कामाच्या नाहीत. फवारणीची औषधं अर्धवट बाष्पशील. त्यांना पफ डिस्क लागते, म्हणजे पॉलियुरेथेन फोमची चकती. १४ सेंमी व्यास, १.३५ सेंमी जाड, स्टीलच्या दोन वाडग्यांमध्ये टांगलेली. वरचं वाडगं मोठं, खालचं लहान, मधल्या फटीतून हवा खेळते. ऊन-पाऊस थेट लागत नाही. दिवसाला साधारण ४ घनमीटर हवेइतका माल धरते असं मानतात, तीन महिन्यांत ३६० घनमीटर. जगभर टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकं बघायला २००४ च्या अखेरीपासून हेच सॅम्पलर वापरले जाताहेत.

पण ४ हा आकडा ढोबळ. वारा आणि निवाऱ्याचा आकार यांवर तो दुपटीनं हलतो. अचूक हवं तर चकतीवर हवेत नसलेली समस्थानिक-खूण असलेली संयुगं आधीच टाकतात आणि तीन महिन्यांनी त्यातली किती उडाली त्यावरून त्या जागेचा खरा रेट काढतात. हे जीसी-एमएस आणि खर्च दोन्ही मागतं. शिवाय हलकी संयुगं काही आठवड्यांतच फोमशी समतोलाला येतात. त्यांच्यासाठी ९० दिवस म्हणजे ९० दिवसांची सरासरी नव्हे.

कुठलं औषध बघायचं ते आधी ठरवा. मॅन्कोझेब पफवर सापडणार नाही, गंधकाची भुकटीही नाही. ती बाष्परूपात फारशी फिरत नाहीत, थेंब आणि धूळ होऊन फिरतात. क्लोरपायरिफॉससारखी बाष्पशील सापडतात. २०११ पासून बंद असलेलं एंडोसल्फान सापडलं तर ते जुन्या मातीतून येतंय की अजून कोणी मारतंय हे त्याच्या समरूपांच्या (एकाच सूत्राच्या, वेगळ्या रचनेच्या रूपांच्या) प्रमाणावरून कळू शकतं. वेळ निवडताना छाटणीचं वेळापत्रक धरा. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फवारण्या दाट असतात, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेगळ्या. एक चकती छाटणीआधी, दोन नंतर. बागेच्या कडेला आणि घराजवळ अशा जोड्या लावा. बागेच्या आत नको, ब्लोअरचे थेंब वाडग्यात शिरतात आणि मग ती हवेची मोजणी राहत नाही.

चकत्या आधी सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) अॅसिटोन, मग पेट्रोलियम ईथर, प्रत्येकी दिवसभर. फॉइलमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत, उणे २० अंशांना. ज्या माणसानं सकाळी पंप पाठीवर घेतला त्यानं चकती हाताळायची नाही.

कोणी पाथर्डीच्या कचरा प्रकल्पाजवळ हीच चकती लावून बेंझो(ए)पायरीन मोजायचं म्हणेल, म्हणून सांगतो: राष्ट्रीय मानकातली १ नॅनोग्रॅम/घनमीटरची मर्यादा फक्त कणांवरच्या बेंझो(ए)पायरीनसाठी आहे. पफ मुख्यतः वायुरूप धरते. तिथे पीएम१० चा फिल्टरच हवा. शिसं, निकेल, आर्सेनिकचंही तेच.

फाईल_नंबर

५ शी ताडण्याबद्दल. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेत ती वार्षिक सरासरी आहे, आणि वार्षिक सरासरी म्हणजे आठवड्यातून दोनदा, समान अंतरानं, २४ तासांची, वर्षाला किमान १०४ मोजमापं. तुमच्या २६ पंधरवड्यांच्या फेऱ्या ३६४ दिवस व्यापतात. काळाच्या दृष्टीनं तुमचं वर्ष जास्त भरीव, पण ती त्या पद्धतीची मोजणी नव्हे. युरोपातही डिफ्यूझिव्ह सॅम्पलरच्या बेंझीनला 'निर्देशक मोजमाप' म्हणून ३० टक्के अनिश्चितता गृहीत धरून जागा दिली गेली. तुम्हीही 'निर्देशक' हाच शब्द वापरा. एका हिवाळी पंधरवड्याचा ६ आला म्हणून 'मर्यादा ओलांडली' असं लिहिलंत, तर पहिल्याच सुनावणीत तुमचा सगळा अहवाल बाजूला जाईल.

उपयोग कुठे होतो ते सांगतो. १२ जागांचा नकाशा, कोऱ्या हवेच्या जागेपासूनचा फरक आणि गुणोत्तरं घेऊन मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे जा आणि 'अमुक दोन चौकांत रात्रीची पंपवाली मोजणी करा' एवढीच नेमकी मागणी करा. अमेरिकेतला कुंपणाचा नियमही फरकावरच चालतो: सर्वांत जास्त वजा सर्वांत कमी, त्याची वार्षिक सरासरी ९ मायक्रोग्रॅम/घनमीटरच्या वर गेली की कारण शोधून दुरुस्ती. कारखान्याच्या चिमणीचा नमुना मात्र तुमचं काम नाही. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २६ ची रीत पाळून अधिकाऱ्यानं घेतलेलाच पुराव्यात चालतो. कुंपणाच्या आत हात घालून ट्यूब लावू नका, आणि अहवालात कंपनीचं नाव घेऊ नका. ट्यूब दिशा सुचवते, दोषी ठरवत नाही.

विंडरोज_४२२

दिवाळीचा पंधरवडा आणि होळीचा पंधरवडा वेगळे काढून ठेवा, सरासरीत घ्या पण नकाशात मिसळू नका. मंडळाच्या केंद्रावरची वाऱ्याची दिशा आणि वेग तासागणिक उतरवून घ्या. रात्री वारा पडलेला असण्याचे तास मोजले तरी बरंच उलगडतं.

डिसॉर्ब_३५०

ऑर्डर देण्याआधी त्या मुंबईच्या लॅबला एवढं विचारा: ट्यूब कोणत्या सॉर्बंटच्या आणि भाजल्यावरचा बेंझीन ब्लँक किती नॅनोग्रॅम, मोजमापाची खालची मर्यादा काय, डिसॉर्प्शनच्या वेळी स्प्लिटमधला (यंत्रात न जाता बाजूला वळवलेला) भाग पुन्हा ट्यूबवर गोळा करतात का. नमुना एकदाच उडतो, मशीन मध्येच बंद पडलं तर दुसरी संधी त्यातूनच मिळते. आणि ट्यूब उतरवल्यापासून ३० दिवसांच्या आत चालवतील असं लेखी घ्या. त्यांच्याकडे रांग लांब असेल तर तुमची पहिली फेरी पुढे ढकला.